स्थानकाच्या भिंतीवर कोणाला जागा?

वस्ती झपाट्याने बदलत असताना तिथल्या मेट्रो स्थानकाच्या भिंतीवर जुन्या रहिवाशांची चित्रे रंगवावीत का, यावरून काल कट्ट्यावर वाद पेटला. आमच्यातल्या वास्तुरचनाकार मित्राचा याला ठाम विरोध होता. भाडे परवडत नाही म्हणून जी कुटुंबे निघून जात आहेत, त्यांनाच भिंतीवर सजवणे म्हणजे माणसाला घराबाहेर काढून त्याची तसबीर दिवाणखान्यात टांगणे होय, असे तो म्हणाला.

चित्रकला शिकवणाऱ्या ताईंनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागाचा दाखला दिला. तिथे चोविसाव्या रस्त्यावरच्या स्थानकाच्या चौकालगत मायकेल रिओस आणि त्यांच्या साथीदारांनी १९७५ मध्ये एक भित्तिचित्र रंगवले. त्यात नवी कोरी मेट्रो गाडी दिमाखात धावते आहे, पण तिचा मार्ग माणसांनी आपल्या अंगावर पेललेला आहे. गाडी आली तेव्हा तिचा भार कोणावर पडला, हे तिथल्याच कलावंतांनी, तिथली माणसे तिथे राहत असतानाच सांगितले. त्यामुळे त्या चित्राला शोभेची वस्तू म्हणता येणार नाही, असे ताईंचे म्हणणे होते.

मित्राने विचारले, "ताई, पुढे त्या भागातली कितीतरी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, कुटुंबे भाड्यापायी गेलीच ना? मग चित्राने साधले काय?"

हा प्रश्न मला आतपर्यंत लागला. भाडे रोखणे चित्राच्या हाती नसते, हे मान्यच आहे. पण नव्याने राहायला आलेल्याला ही जागा आपल्यापूर्वी रिकामी होती असे समजण्याची मुभा ते देत नाही, आणि मला तेवढे मोलाचे वाटते. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकात शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्झी यांचे १९८४ चे मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, आहे. परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आणि वाद्यांच्या दुकानांचे पडसाद त्यात आहेत. ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने बहुतांशी उठून गेली, भिंत मात्र त्यांची आठवण सांगते. स्थानक वाढवताना त्यातला काही भाग उतरवावा लागला, तेव्हा लोक हळहळले आणि उतरवलेले तुकडे एडिनबरा विद्यापीठाकडे सोपवण्यात आले.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १२५व्या रस्त्यावरच्या स्थानकात, चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी १९९६ मध्ये मोझेकमधून तिथल्या नामवंतांना आकाशात उडताना दाखवले आहे. ते सुंदर आहे, तरीही रोज पहाटेची गाडी पकडणारी सफाई कामगार त्या आकाशात कुठे आहे, असे मी विचारले. ताईंनी लगेच होकारार्थी मान हलवली. मित्र मात्र अडून राहिला: चेहरे निवडायला त्या कामगारबाईंना बसवणार असाल, तरच पुढे बोलू.