लहान पोराचं काय चोरणार?

ताईचा मुलगा ठाण्यात दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्या मुलांच्या आधारचे फोटो मागवले. एका आईने ‘ग्रुपवर नको, मी शाळेत आणून देते’ असं लिहिलं, तर बाकीच्यांनी तिला वेड्यात काढलं. ताईनेही. “लहान पोराचं काय चोरणार? ना बँकेत पैसे, ना नावावर घर!” तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

ताई, चोराला पोराचे पैसे नकोच असतात. त्याला कोरा नंबर हवा असतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना इथे न्यू जर्सीत त्याच्या नावाने थकलेल्या क्रेडिट कार्डाची नोटीस आली. नाव त्याचं, जन्मसाल कुणीतरी वीस वर्षं मागे नेलेलं. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, जन्मल्यावर लगेच मिळतो आणि पुढची अठरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. नंबर एकाचा, नाव दुसऱ्याचं, जन्मतारीख तिसरीच, अशी अख्खी खोटी माणसं त्यावर उभी करतात. कॉलेजसाठी कर्ज मागायला गेल्यावर पोराला कळतं, आपण आधीच थकबाकीदार आहोत. पुष्कळदा हे करणारा घरातलाच असतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचं क्रेडिट फ्रीज करणं, म्हणजे त्यांच्या नावावर कुणाला नवं कर्ज काढता येऊ नये म्हणून कुलूप लावणं, २०१८ पासून फुकट आहे. मी ते केलं, पण नोटीस आल्यावर.

आधार म्हणजे सोशल नव्हे, हे मलाही कळतं. बाल आधारला बोटांचे ठसे नसतात, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. पण नंबर तोच राहतो, आणि तीस-चाळीस फोनांत गेलेला फोटो परत येत नाही. आपल्याकडे तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मिळतं, इथे सोशलला तशी सोय नाही. शाळाप्रवेशाला आधारची सक्ती करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्यात अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट आहे. एवढं हाताशी असताना आपण स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला पोराचं आधार व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि प्रिंट घेऊन निघून येतो. त्या एकट्या आईचं काय चुकलं?

हे सगळं मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, “तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.”

लागलं मला ते. पंधरा वर्षांत ठाण्याच्या कुठल्याही रांगेत मी उभा राहिलेलो नाही. आणि मुलाचं सोशलचं कार्ड आलं, तेव्हा मीच आनंदाने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. बाबांनी गोखले रोडवर जाऊन त्याची प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि माझ्या पत्रिकेच्या फाइलमध्ये ठेवली. नंबर कुठून फुटला, डेंटिस्टच्या फॉर्मवरून की आणखी कुठून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ती प्रिंट फाडून टाक, हे सांगायला मी ताईला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पावसाचं विचारून ठेवून दिला. बाबा आता नाहीत. पाचपाखाडीच्या त्या घरात माझ्या मुलाच्या नावाचा तेवढा एकच कागद आहे.