रविवारचं मटण, मंगळवारचा टोप

अण्णांना दोन स्टेंट टाकल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मटण किती वेळा?" अण्णा ठसक्यात म्हणाले, "फक्त रविवारी!" आई माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या कळव्याच्या घरात माणसं चार आणि रविवारचं मटण दीड किलो. दुपारी भाकरीबरोबर, रात्री रस्सा-भात. सोमवार पाळतो, म्हणून टोप फ्रीजमध्ये. मंगळवारी पुन्हा पाव बुडवून. याला 'आठवड्यातून एकदा' म्हणायचं!

माझं भांडण या हिशेबाशी आहे, मटणाशी नाही. बोकडाचं मटण तसं बरं. चरबी काढून शिजवलं तर 100 ग्रॅममागे जेमतेम 3 ग्रॅम फॅट. पण आपण चरबी काढतो कुठे? मटणवाला सुरी लावायला गेला की अण्णा म्हणायचे, "असू दे रे, चव कशाने येणार?" वर दोन तुकडे जास्तीचे मागून घ्यायचे.

मंगळवारी झाकण उघडलं की रश्श्यावर पांढरा घट्ट थर. गार झाल्यावर असं थिजतं ते बहुतेक सॅच्युरेटेड फॅट. त्यानेच रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं आणि हृदयाच्या धमन्यांत थर साचत जातात. अमेरिकन हार्ट असोसिएशन 2000 कॅलरीच्या आहारात हे फॅट दिवसाला साधारण 13 ग्रॅमच सांगते. आणि त्या थराचा सगळा दोष बोकडाचा नाही हं, वाटणातलं सुकं खोबरंही त्यात असतं. हे घरात बोललो तेव्हा आई दिवसभर गप्प होती.

2019 साली काही संशोधकांनी लिहिलं होतं की रेड मीट कमी करायची गरज नाही. काकांनी ते लगेच ग्रुपवर टाकलं, अण्णांना टॅग करून. पण त्याच लेखात त्यांनी आपली शिफारस कमकुवत आणि पुरावा कमी खात्रीचा असल्याचं म्हटलंय, तेवढं काकांनी वाचलं नाही. सॉसेज-सलामीबद्दल मात्र मला काही वादच नको, त्यात मीठही भरमसाठ.

आता पंधरा दिवसांतून एकदा अर्धा किलो आणतो. थर चमच्याने काढून टाकतो, उरलेल्या रश्श्यात दुधी. (हसू नका, खाऊन बघा.)

परवा रांगेत अण्णा स्वतःहून म्हणाले, "चरबी सगळी काढ." मला भरून आलं. पैसे द्यायला वळलो तर मागून हळूच ऐकू आलं, "नळ्या तेवढ्या टाक दोन."