ब्रीचमधली 3 थाऊ फट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या विंचेस्टर हाय वॉल या जुन्या एकबारी रायफलला नवीन बॅरल (नळी) बसवल्याची पोस्ट वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात: ब्लॉक (काडतुसामागचं पोलादी दार) आणि बॅरलचं मागचं तोंड (ब्रीच) यांच्यामध्ये मी 3 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवली ती निव्वळ ढिलाई, टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला बघवत नाही, तिथे शून्यच हवं. दुसरा, हेडस्पेस (काडतूस जिथे अडतं तिथपासून ब्लॉकपर्यंतचं अंतर) गेजवर पास झाल्यावर ही फट वेगळी मोजायची कशाला? आणि तिसरा, असलं मराठीत लिहून लोकांना गावठी कट्टे करायला शिकवू नका.

तिसऱ्याचं आधी उरकतो. मी अमेरिकेत राहतो. इथल्या संघराज्याच्या कायद्यात रिसीव्हर (बॅरल ज्यात बसते तो मधला सांगाडा) हेच शस्त्र, बॅरल हा सुटा भाग, आणि स्वतःच्या रायफलची बॅरल स्वतः बदलायला मुभा आहे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि परवान्याशिवाय दुरुस्तीही करता येत नाही. तेव्हा तिथल्या कुणी हे घरी करायला जाऊ नये. पण जिच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा रिसीव्हर आणि चांगला लेथ लागतो ती गोष्ट वाचून कट्टे निघतील, ही भीती मला काही पटत नाही.

आता शून्याबद्दल. 3 थाऊ म्हणजे 76 मायक्रॉन. तुमच्या हिशोबात ती दरीच आहे, मान्य. पण ही बेअरिंगची फिट नाही. ब्राउनिंगचं 1879 चं पेटंट, विंचेस्टरने 1885 मध्ये बाजारात आणलेली ही रचना. खालची लिव्हर ओढली की ब्लॉक रिसीव्हरच्या खाचेतून खाली उतरतो, लिव्हर मिटली की बॅरलच्या तोंडासमोर वर चढतो. चढायचा तर खाचेत पुढे-मागे थोडी मोकळीक लागतेच. माझ्या रिसीव्हरमध्ये ती साधारण 2 थाऊ आहे. आता समजा मी तुमचं ऐकून, ब्लॉक पुढे टेकलेला असताना शून्य फट मिळवली. चाप ओढला, काडतुसाने ब्लॉक मागे दाबला, तो खाचेच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकला. झाली की 2 थाऊ फट! ती फक्त मोजायच्या वेळी दिसत नव्हती. म्हणून मी लाकडी दांडीने ब्लॉक मागे दाबून धरतो आणि रिसीव्हरच्या तोंडापासून ब्लॉकच्या तोंडापर्यंतची खोली डेप्थ मायक्रोमीटरने घेतो. त्यातून 3 थाऊ वजा केले की बॅरलच्या आटेवाल्या शेपटीची लांबी मिळते. माझे 3 थाऊ हे असे, ब्लॉक मागे असतानाचे. पुढे ढकलला तर फीलरची (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांची) 1 थाऊची पात जेमतेम जाते.

गरम झाल्यावर अडकू नये म्हणून फट ठेवली असेल, असा तुमचा अंदाज आहे. तो हिशोबात बसत नाही. इंचभर पोलादाची शेपटी रिसीव्हरपेक्षा 50 अंशांनी जास्त तापली तरी वाढ जेमतेम अर्धा थाऊ. खरं कारण म्हणजे घाण. न जळलेल्या दारूचा एक कण तोंडावर चिकटला तरी शून्य फटीचा ब्लॉक पूर्ण वर जात नाही, आणि डिसेंबरच्या थंडीत, बोटं बधिर असताना, लिव्हरवर जोर लावणं मला नको आहे.

दुसऱ्या आक्षेपात मात्र खरी गंमत आहे. माझं काडतूस .45-70, कडेचं, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड असलेलं. त्याची कड जास्तीत जास्त 0.070 इंच जाड असते आणि काडतूस त्या कडेवरच अडतं. म्हणजे हेडस्पेस हा दोन मापांचा बेरीज-हिशोब झाला: बॅरलच्या तोंडात कडेसाठी कोरलेली खाच, अधिक ब्रीचची फट. मी खाच 0.068 कोरली, फट 0.003, बेरीज 0.071. चेंबर (काडतूस बसायची जागा) कापताना ‘गो’ गेज (0.070 कडेचं नमुना-माप) बॅरलच्या तोंडाबाहेर 2 थाऊ एवढाच डोकावायला लागला की मी रीमर (चेंबर कापायचं हत्यार) थांबवतो. आता दुसरा कारागीर खाच 0.051 ठेवील आणि फट 0.020. बेरीज तीच, गेज दोन्हीकडे पास! पण त्याच्या रायफलमध्ये कडेचा बराचसा भाग उघड्यावर आहे, आजूबाजूला पोलाद नाही. .45-70 चा बूड भरीव आणि दाब कमी, ते बहुधा निभावून नेईल. .22 रिमफायरमध्ये पेटणारा मसाला कडेच्या घडीतच असतो. तिथे उघडी कड फुटली तर गॅस थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. .30-06 सारख्या बिनकडेच्या काडतुसाचं हेडस्पेस खांद्यावर (काडतूस जिथे निमुळतं होतं तिथे) ठरतं, फटीचा त्या बेरजेत काही संबंधच नाही, त्यामुळे गेज पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी कवचाचा) किती भाग बाहेर लोंबतोय याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून दोन मापं, दोनदा.

(बेरीजच जास्त झाली तर काय होतं तेही सांगून ठेवतो. जास्त दाबाच्या काडतुसात पुंगळी बुडाच्या थोडं वर ताणली जाते, तिथे चकचकीत कडं दिसतं. पुढच्या खेपेला ती तिथूनच तुटू शकते. कमी दाबाच्या काडतुसात बऱ्याचदा नुसता प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बाहेर आलेला दिसतो. मी पहिल्या बारानंतर आधी प्रायमरवरून नख फिरवतो.)

राहिला तुमचा तळटीपेतला टोमणा, की ‘जरा पिळून घट्ट केली असती तर फट आपोआप गेली असती’. बॅरल अष्टकोनी आहे हो. इंचाला 16 आटे, एका फेऱ्याला 62.5 थाऊ, म्हणजे एका पैलूवरून दुसऱ्यावर जायला 7.8 थाऊ. फटीसाठी पिळत बसलो तर पैलू तिरके होतात आणि पुढची साइट कानाकडे झुकते. म्हणून आधी शोल्डर (बॅरलचा रिसीव्हरला टेकणारा कठडा) लेथवर फेस करत, म्हणजे थोडा थोडा छिलत, पैलू सरळ आणायचा, मग बॅरलच्या तोंडावर कट मारून फट साधायची, त्यानंतर चेंबर, आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच सगळ्यात शेवटी. शोल्डर फेस करतानाचे फोटो मूळ पोस्टमध्ये राहून गेले होते, ते आज रात्री टाकतो.