जन्मदाखला बदलतो, कलमासकट समजून घ्या

‘तृतीयपंथी व्यक्तीचा जन्मदाखला कधीच बदलत नाही’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचं संरक्षण) कायद्याचं कलम 7(3) जन्मदाखल्यावरचं नाव बदलण्याचा हक्क देतं. आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र मात्र हवं.

घोडं अडतं ते जन्म-मृत्यू निबंधकाच्या खिडकीवर. तिथे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 दाखवतात: मूळ नोंद चुकीची असेल तरच दुरुस्ती. डिसेंबर 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने 2019 चा कायदा विशेष, म्हणून 1969 च्या सर्वसाधारण कायद्यापेक्षा वरचढ ठरवून सुधारित दाखला द्यायला लावला. त्यावर जुनं आणि नवं, दोन्ही नाव-लिंग छापायचं आहे. जुनं नाव पुसलं जात नाही, हे बोचतंच. महाराष्ट्रात हा निकाल बंधनकारक नाही. तरी प्रत अर्जाला जोडा, नकार लेखीच घ्या.