क्वाडच्या टू स्ट्रोकबद्दल, जरा स्पष्टच लिहितो

आज संध्याकाळी सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर इंजिनिअरिंगची पोरं भेटली, कॉलेजच्या स्पर्धेसाठी क्वाड, म्हणजे चार चाकांची हँडलवाली ऑफ-रोड गाडी, बनवतायत, मोबाईलवर ड्रॉइंग दाखवत होती, आणि फ्रेम खरंच चांगली होती हो. मी विचारलं इंजिन कुठलं टाकताय, तर म्हणे काका आमच्या मनात टू स्ट्रोक होतं पण सर म्हणाले ते आऊटडेटेड, म्युझियममध्ये ठेवायची वस्तू. (टू स्ट्रोक म्हणजे पिस्टन एकदा वर-खाली झाला की पॉवर देणारं इंजिन, फोर स्ट्रोकमध्ये त्यासाठी पिस्टनला दोनदा वर-खाली व्हावं लागतं.) तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, जेवणात पण लक्ष नव्हतं, म्हटलं आता लिहूनच टाकतो.

आऊटडेटेड कोणी ठरवलं? यामाहाची बॅन्शी ही टू स्ट्रोक क्वाड 1987 ला आली आणि अमेरिकेत 2006 पर्यंत विकली जात होती. 347 सीसी, दोन सिलिंडर, 64 मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, 54 चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल. ज्यांनी आपल्याकडची राजदूत 350 चालवलीय त्यांनी हे आकडे परत एकदा वाचा. तेच आहेत! एका खानदानातली इंजिनं, तिकडच्याला फक्त पाण्याचं कूलिंग. म्हणजे ज्या गाडीसाठी तिकडची लोकं अजून जीव टाकतात तिची भावकी आपल्या सांगली-साताऱ्यात गोठ्यात पोत्याखाली झाकून पडलीय आणि आपण पोरांना सांगतोय म्युझियम.

आम्ही डिप्लोमा झाल्यावर कुपवाड एमआयडीसीत एका शेडमध्ये क्वाड बनवली होती. अपघातात गेलेल्या यामाहा आरएक्स 135 बाईकचं टू स्ट्रोक इंजिन, मागचा अ‍ॅक्सल लेथवर करून घेतलेला, पाईप वाकवून फ्रेम. आमचे मिस्त्री सातवी शिकलेले. त्यांनी सिलिंडरच्या आत कागद दाबून पोर्टचे, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या भोकांचे, छाप घेतले, त्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि तेवढंच घासलं, एक केस जास्त नाही. सायलेन्सरचे शंकूसारखे तुकडे आधी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर कापून बघितले मग पत्र्यावर. मी विचारलं मामा हे एवढं फुगवायचं आणि परत निमुळतं कशाला करायचं, तर म्हणाले पळून चाललेला माल परत आत ढकलायला. झालं. पुस्तकात ज्याला एक्सपान्शन चेंबर म्हणतात, दाबाची लाट शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून उलटी येते आणि बाहेर चाललेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये रेटते, ते सगळं त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं.

धूर होतो, मान्य. मिश्रण आत येताना थोडं न जळताच बाहेर निसटतं, ऑइल पण जळतं, शहरात हजारो रिक्षांनी तो धूर सोडला तेव्हा त्या बंद झाल्या ते बरोबरच झालं. पण गोचीड लागली म्हणून कोणी बैल विकतं का? निसटणारं पेट्रोल थांबवायचा उपाय सापडलेला आहे! डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल आधी हवेत मिसळायचंच नाही, एक्झॉस्टचं तोंड बंद होत आलं की मग थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. आपल्या पुण्याच्या बजाजनं 2007 ला असली टू स्ट्रोक रिक्षा काढली होती. केटीएमनं 2018 च्या एन्ड्युरो, म्हणजे रानावनात चालवायच्या बाईकच्या, मॉडेलना ट्रान्सफर पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये जायच्या वाटेत, इंजेक्शन दिलं, ऑइलची वेगळी टाकी, पेट्रोलमध्ये ऑइल मिक्स करायची कटकट नाही. आणि सगळ्यात राग येतो तो कॅनडाच्या बीआरपीचा. त्यांच्या स्की-डू बर्फगाड्यांना रोटॅक्सचं 850 सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन टू स्ट्रोक आहे. तीच कंपनी कॅन-अ‍ॅम नावानं क्वाड विकते. इंजिन घरात, क्वाड घरात, आणि एकात एक बसवायची इच्छा मात्र नाही. मग सांगा इंजिन संपलं की इच्छा संपली?

फोर स्ट्रोकवाले म्हणतील आमची 450 सीसीची क्वाड जास्त सरळ चालते, खालपासून ओढते. ओढते, नाही म्हणत नाही. पण 2006 च्या मॉडेलपासून अमेरिकेत ऑफ-रोड गाड्यांना धुराचे नियम लागले, कंपन्यांनी टू स्ट्रोक सुधारायच्या ऐवजी सोडूनच दिलं, सगळे 450 फोर स्ट्रोकच्या मागं लागले आणि काय झालं? होंडाची बंद, सुझुकीची बंद, कावासाकीची बंद. जपान्यांच्यात 450 ची स्पोर्ट क्वाड एकट्या यामाहाची राहिली. गाड्या महाग, जड, आणि इंजिन उघडायचं म्हटलं की व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन. गरीबाघरच्या पोरानं हा खेळ खेळायचा कसा?

आमची क्वाड ऊस तुटलेल्या रानात चालवायचो, चार नट काढले की हेड हातात, सिलिंडर वर उचलला की पिस्टन समोर. मिस्त्री बांधावर बसून रिंगा बदलायचे आणि ऊन उतरायच्या आत गाडी परत चालू. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पॉवर. आणि वजन! क्वाडला बाईकसारखं कलता येत नाही, वळणात चालवणाऱ्याला स्वतःचं अंग आत टाकावं लागतं, त्यामुळं गाडी जेवढी हलकी तेवढी ती ऐकते. हे चालवल्याशिवाय कळत नाही, त्या सरांनी चालवलीय का कधी?

जाऊ दे, सर वाईट नसतील. त्यांच्यावर पण नियम, मार्क, फंड असतात. इलेक्ट्रिक येणार हे पण दिसतंय मला, टॉर्क जबरदस्त आहे त्याचा. येऊ दे की. कासच्या पठारावर नाहीतर पाचगणीच्या टेबललँडवर असलं काही फिरवायच्या मी सक्त विरोधात आहे, कुठलंही इंजिन असो. मी मागतोय ते एवढंच, बंद ट्रॅकवर, आवाजाची मर्यादा घालून, स्पर्धेत टू स्ट्रोकचा एक वर्ग ठेवा. स्पोर्ट क्वाडला तसंही आपल्याकडं रस्त्याचं पासिंग नाही, गावाला धूर खायला लागणार नाही. इंजेक्शन बसवून दाखवा म्हणावं पोरांना, हाच विषय द्या प्रोजेक्टला. शिकतील तरी. तयार इंजिन आणून चार बोल्टवर बसवण्यात काय शिकणार?

मिस्त्री आता शेडवर येत नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं. पण परवा गाठ पडली तर पहिला प्रश्न, सायलेन्सर गंजला नाही ना रे? नाही गंजला मामा, तेल लावून ठेवलाय.

त्या पोरांना मी रविवारी शेडवर बोलावलंय, टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक दोन्ही इंजिनं उघडून शेजारी शेजारी ठेवणार आहे, मग कुठलं टाकायचं ते त्यांनी ठरवावं. आणि मित्रांनो, आरएक्स, शोगन, राजदूत, कुणाकडं काय पडलं असेल, क्रँक म्हणा, नुसता सिलिंडर म्हणा, किलोवर भंगारात घालू नका. आधी मला मेसेज टाका, मिरजेपासून कराडपर्यंत कुठंही असू दे, मी स्वतः येऊन घेऊन जातो.