मायनर अपडेट 'किरकोळ' नसतं
लेखात म्हटलंय की पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मायनर आवृत्त्यांत (१४.३ नंतरची १४.४ अशा) किरकोळ दुरुस्त्याच असतात, त्यामुळे वर्षातून एकदा अपडेट केलं तरी पुरे. हे मला अजिबात पटलं नाही. जून २०२२ मधली १४.४ आठवा. ठरलेलं वेळापत्रक मोडून ती काढावी लागली, कारण १४.० ते १४.३ मध्ये 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली' किंवा 'रीइंडेक्स कॉन्करंटली' (काम न थांबवता इंडेक्स बांधणाऱ्या कमांड) चालवल्यावर काही ओळी इंडेक्समधून, म्हणजे टेबलातल्या ओळी पटकन शोधायच्या सूचीतून, गळू शकत होत्या. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही! टेबलात ओळ आहे, पण इंडेक्समधून शोधली की सापडत नाही. असा इंडेक्स बांधला जात असतानाही व्हॅक्यूमला (निकामी ओळी साफ करणाऱ्या कामाला) जुन्या ओळी काढता याव्यात म्हणून केलेली एक सुधारणाच मुळाशी होती. ती मागे घेतली गेली.

आणि नुसतं अपडेट करून भागत नव्हतं, बिघडलेले इंडेक्स पुन्हा बांधावे लागत होते. बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचे) इंडेक्स तपासायला पीजी-ॲमचेक हे साधन आहे, पण टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते पाहणारा 'हीप-ऑल-इंडेक्स्ड' हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर गळालेल्या ओळी कळणारच नाहीत.

मायनर अपडेटला डंप-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरणं) लागत नाही. नवीन बायनरी (प्रोग्रॅमच्या फाइल्स) टाकायच्या, सर्व्हर रीस्टार्ट करायचा. रिलीज नोट्स मात्र आधी वाचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.