सोन्याचं नाणं आणि सरकारवरचा अर्धा विश्वास

अमेरिकन ईगल या सोन्याच्या नाण्यावर ५० डॉलर असं लिहिलेलं असतं. कायद्याने ते खरोखरच ५० डॉलरचं चलन आहे. पण ५० डॉलरच्या मालासाठी कुणी ते मोजलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. कारण आत एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोनं आहे आणि त्याचा बाजारभाव त्या आकड्याच्या कितीतरी पट आहे. मग आकडा टाकलाच कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या नाण्यांचं निम्मं आकर्षण सोन्यात आहे आणि निम्मं ठशात. गंमत अशी की सोन्याकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचा सरकारवर भरवसाच नसतो. सरकार नोटा छापत सुटेल, महागाई बचत खाऊन टाकेल, ही त्यांची भीती. आणि सोनं निवडताना हेच लोक बघतात काय, तर सरकारी टाकसाळीचा शिक्का!

हा पेच नाण्याइतकाच जुना आहे. लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, इ.स.पू. सातव्या शतकात नाणी निघाली ती सोन्या-चांदीच्या मिश्रणाची. नुसतं बघून आत सोनं किती हे कुणाला कळणार? ठसा म्हणजे ‘कस लावत बसू नका’ अशी हमी. पुढे लिडियाच्याच क्रीसस राजाच्या काळात दोन्ही धातू वेगळे करून सोन्याची आणि चांदीची स्वतंत्र नाणी पाडली गेली. लिडियाची राजधानी सार्डिस, तिथल्या उत्खननात हे शुद्धीकरण चालायचं ती जागाही सापडली आहे.

पण हमी देणाऱ्याचीच नियत फिरली तर? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सॉलिडस हे नाणं काढलं. एका रोमन पौंडात ७२ नाणी, एकेक साधारण ४.५ ग्रॅमचं. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटांनी ते जवळपास सातशे वर्षं चोख ठेवलं आणि अकराव्या शतकात काही दशकांतच हीण मिसळून त्याची पार माती केली. शेवटी १०९२ मध्ये नवं नाणं काढावं लागलं. याउलट व्हेनिसचं डुकाट. १२८४ पासून थेट १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. व्हेनिसचे व्यापारी काही साधुसंत नव्हते. पण राजाला लढाईचा खर्च हीण मिसळून भागवता येतो, व्यापाऱ्याला ते परवडत नाही. परक्या बंदरात नाणं नाकारलं गेलं की धंदाच बसला.

मग १८१७ चं ब्रिटिश सॉव्हरिन. २२ कॅरेट, ७.९८ ग्रॅम, मागे पिस्त्रुची या कोरक्याने कोरलेला ड्रॅगनला मारणारा ख्रिस्ती संत जॉर्ज. माझं सर्वांत आवडतं नाणं हेच. पहिल्या महायुद्धापर्यंत लोक ते खरंच खिशात घेऊन फिरायचे.

आता १९३३. मला वाटतं, सोनं ‘सुरक्षित’ आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वर्ष लक्षात ठेवावं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एप्रिलमध्ये आदेश काढला की नागरिकांनी जवळचं सोनं, नाण्यांसकट, औंसाला २०.६७ डॉलर दराने जमा करावं. थोडीशी मुभा होती, बाकी सगळं द्यायचं. पुढच्याच जानेवारीत सरकारने भाव ३५ डॉलर केला. ज्यांनी इमानेइतबारे सोनं दिलं, त्यांच्या हातात राहिल्या त्या कमी किमतीच्या नोटा. अमेरिकनांना पुन्हा मोकळेपणाने सोनं बाळगता आलं ते १९७४ च्या अखेरीस.

आज आपण ज्याला गुंतवणुकीचं नाणं म्हणतो, त्याची सुरुवात १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने केली. खाणींतलं सोनं जगभरच्या सामान्य माणसाला विकायचं होतं. त्यांच्या क्रुगरँड या नाण्यावर दर्शनी किंमतच नाही! आत बरोबर एक औंस शुद्ध सोनं आणि जोडीला तांबं, म्हणून एकूण वजन ३३.९३ ग्रॅम. त्या दिवशीचा सोन्याचा भाव हाच नाण्याच्या किमतीचा आधार. कल्पना इतकी साधी की सगळ्यांनी उचलली. कॅनडाचं मेपल लीफ १९७९ मध्ये आलं, चीनचं पांडा १९८२ मध्ये. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदामुळे अमेरिकेने क्रुगरँडची आयात बंद केली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचं ईगल बाजारात आणलं.

याच काळात सुरू झाली शुद्धतेची शर्यत. हजारात ९९९ भाग शुद्ध सोनं झालं, मग दहा हजारात ९९९९. मला हा बराचसा जाहिरातीचा खेळ वाटतो. २२ कॅरेटच्या ईगलमध्येही सोनं पूर्ण एक औंसच असतं, मिश्रधातू त्यावर वेगळा. उलट चार नऊवाल्या नाण्यावर जरा कुठे घासलं की ओरखडा.

राहिला तो ५० डॉलरचा आकडा. तो किंमत सांगायला नसतोच, तो त्या चकतीला कायद्याच्या लेखी ‘चलन’ करतो. ब्रिटनमध्ये याचा रोकडा फायदा दिसतो. सॉव्हरिन आणि ब्रिटानिया ही पौंडातली कायदेशीर नाणी असल्यामुळे तिथल्या रहिवाशाला ती विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर लागत नाही. तेवढ्याच सोन्याची लगड विकली तर लागू शकतो.

ठशाची किंमत मात्र मोजावी लागते. सोन्याच्या भावावर प्रीमियम, म्हणजे वरचा जादा पैसा, असतो आणि नाणं जितकं लहान तितका तो टक्केवारीत जास्त. विकताना यातला बराचसा परत मिळत नाही. व्याज नाही, लाभांश नाही. हे ठाऊक असूनही कुणाला नाणं घ्यावंसं वाटलं तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका विक्रीच्या युक्तीला. १९३३ च्या त्या आदेशात दुर्मिळ, संग्राह्य नाण्यांना सूट होती. तेवढाच धागा पकडून ‘जुनी नाणी घ्या, ती सरकार नेत नाही’ असं सांगत काही विक्रेते आजही साधी सोन्याची नाणी भरमसाट भावाने खपवतात. एका देशाच्या नव्वद वर्षांपूर्वीच्या आदेशातली सूट पुढच्या आदेशातही असेल, ही हमी त्यांना कुणी दिली?